फोल्डर निवडायच्या डायलॉगमध्ये पाथ पेस्टच करता येत नाही

प्रश्न
डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वरचा विनफॉर्म्स (विंडोजच्या खिडक्या-बटणांचे प्रोग्राम बनवायची लायब्ररी) प्रोग्राम आहे. बॅकअप कुठे ठेवायचा हे विचारायला फोल्डरब्राउझरडायलॉग हा तयार क्लास लावलाय. त्यात नुसती झाडासारखी यादी उघडते. अ‍ॅड्रेस बार नाही, सर्व्हरवरचं फोल्डर गाठायला एकेक फांदी उघडत बसावं लागतं. फाइल उघडताना येतो तसा डायलॉग मिळेल का?

उत्तर १
मिळेल. फ्रेमवर्कमधला हा क्लास आतून एसएचब्राउझफॉरफोल्डर हे जुनं फंक्शन वापरतो, म्हणून ती यादी. नवा डायलॉग व्हिस्टापासून विंडोजमध्येच आहे. आयफाइलओपनडायलॉग हा कॉम (विंडोजचे घटक दुसऱ्या प्रोग्राममधून वापरायची पद्धत) इंटरफेस घ्या, गेटऑप्शन्सने आधीचे फ्लॅग, म्हणजे चालू-बंद पर्याय, वाचा, त्यात पिकफोल्डर्स आणि फोर्सफाइलसिस्टम मिळवा आणि सेटऑप्शन्सला द्या. दुसरा फ्लॅग गाळू नका. नाहीतर डिस्कवर पाथ नसलेली जागाही निवडता येते आणि पुढे पाथ मागितला की एरर.

ओपनफाइलडायलॉगमध्ये फाइलच्या जागी खोटं नाव भरून काम भागवायचा सल्ला बराच फिरतो. नका करू. वापरणाऱ्याने ते नाव पुसलं की सगळं अडतं.

उत्तर २
प्रोजेक्ट नव्या डॉट नेटवर नेणार असाल तर एवढी खटपट नको. डॉट नेट कोअर ३.० पासून त्याच क्लासमागे नवा डायलॉग आहे. डब्ल्यूपीएफ या विनफॉर्म्ससारख्याच दुसऱ्या लायब्ररीला डॉट नेट ८ मध्ये स्वतंत्र ओपनफोल्डरडायलॉग मिळालाय.

कुठलाही वापरा, मेन मेथडवर एसटीएथ्रेड (असे डायलॉग चालायला लागणारी थ्रेडची खूण) हवंच. शोडायलॉगला ओनर म्हणून चालू फॉर्म द्या, नाहीतर डायलॉग कधीकधी मागे दडतो आणि लोकांना प्रोग्राम अडकलाय असं वाटतं.

आणि आलेल्या पाथचा शेवटचा बॅकस्लॅश डोळे झाकून छाटू नका. डी ड्राइव्हचं मूळ निवडलं असेल तर नुसतं ‘डी:’ उरतं. पाथ.कम्बाइन त्याला फाइलचं नाव स्लॅशशिवाय चिकटवतं, मग फाइल त्या ड्राइव्हच्या चालू फोल्डरमध्ये जाऊन पडते.

प्रश्नकर्ता
कॉमवाला डायलॉग चालला, पाथही पेस्ट होतोय. पण मॅप केलेला (सर्व्हरच्या फोल्डरला अक्षर देऊन जोडलेला) झेड ड्राइव्ह त्यात दिसत नाही. एक्सप्लोररमध्ये मात्र आहे.

उत्तर १
प्रोग्राम अ‍ॅडमिन म्हणून चालतोय का? यूएसी (अ‍ॅडमिन हक्क देण्याआधी परवानगी विचारणारी विंडोजची सोय) चालू असताना अ‍ॅडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रामचं लॉगऑन सेशन वेगळं असतं. साध्या सेशनमध्ये मॅप केलेले ड्राइव्ह तिथे नसतात. मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामला कोणते हक्क हवेत ते सांगणारी फाइल) रिक्वायरअ‍ॅडमिनिस्ट्रेटरऐवजी अ‍ॅजइन्व्होकर ठेवा. बॅकअप लिहायला सहसा तेवढं पुरतं. अ‍ॅडमिन हक्क लागतच असतील तर दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा सर्व्हरचा पूर्ण पाथ द्यायला सांगा. आणि ओके दाबल्यावर लगेच तिथे एक छोटी फाइल लिहून, पुसून बघा. फोल्डर निवडता आलं म्हणजे तिथे लिहिताही येईल असं नाही.