टॅबवर सर्किट फुल मार्क, हातात वायर दिली की गोंधळ

पाचवीची_आई
मुलीच्या शाळेत यंदापासून सगळं टॅबवर, पुस्तकं, गृहपाठ, प्रयोगसुद्धा. कार्यानुभवाचे दोन तास होते त्यातला एक गेला. परवा घरी सेल, वायर, छोटा बल्ब घेऊन बसलो, टॅबवर हिने असली ढीगभर सर्किटं जोडलीयत, पण खरी वायर हातात आल्यावर बाई वरचं प्लास्टिक न सोलताच सेलला चिकटवायला लागल्या. हसू पण आलं आणि टेन्शन पण. मी उगाच काळजी करतेय का?

खटपट्या
उगाच नाही हो ताई. ॲपमधला बल्ब आज्ञाधारक असतो, जोडला की पेटणारच. खऱ्यात होल्डर ढिला, सेल उतरलेला, नाहीतर वायर आतून तुटलेली, मग एकेक बदलून बघत बसा. ते बसणंच तर शिकायचं असतं ना! कर्कटकाचं पण तेच, टोक सरकलं की वर्तुळाचं बटाटा होतं.

लंबकवाले_सर
मी विज्ञान शिकवतो, सरसकट टॅबला झोडपू नका. आम्ही वर्गात १ मीटर दोरीला वजन बांधून लंबक केला, एक पूर्ण झोका साधारण २ सेकंदांचा. विचारलं, वेळ निम्मा करायचा तर दोरी किती ठेवायची? सगळा वर्ग एका सुरात "अर्धा मीटर!" करून बघितलं तर १.४ सेकंद, मग दोरी कमी करत करत पोरं २५ सेंमीवर पोचली तेव्हा कुठे १ सेकंद आला. टॅब होता की, पण स्लो मोशन व्हिडिओ काढून झोके मोजायला. फिफॉक्स म्हणून फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचं, ते फोन-टॅबमधले सेन्सर मोजमापाला वापरू देतं. म्हणजे टॅब हत्यार म्हणून द्या, हाताच्या बदली नको. आणि बारीक अक्षर न दिसणाऱ्या मुलांना तर तो फारच उपयोगी, ते कोणी बोलतच नाही.

रिकामटेकडी
सरांना +१. स्वीडनने २०२३ मध्ये शाळेत परत छापील पुस्तकांवर भर द्यायचं ठरवलं, आणि फिनलंडमध्ये टॅब-लॅपटॉप असूनही हस्तकला सक्तीची आहे, सुतारकाम-शिवणकाम मुलगा-मुलगी दोघांनाही. मग आपल्या तासालाच कात्री का? पालकसभेत हाच प्रश्न विचारा, टॅब चांगला की वाईट यात शिरलात तर सभा संपेल पण तास परत मिळणार नाही.

पाचवीची_आई
थँक्स सगळ्यांना, विचारतेच. काल परत बसलो, या वेळी सोलायचं लक्षात होतं पण कात्रीने आतली तारच कापली तिने, तीन वेळा! काय वापरू?

खटपट्या
वायर स्ट्रिपर घ्या, बारीक तारेची खाच असलेला. आणि १.५ व्होल्टच्या सेलवरच खेळा, भिंतीतल्या प्लगजवळ अजिबात नको. पेटला की सांगा.