मुक्या प्राण्यांना नक्की किती कळतं? तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करतो. दोन वर्षांपूर्वी समोरच्या आंब्यावरून कावळ्याचं पिल्लू खाली पडलं, मी उचलून कुंडीमागे ठेवलं, भलं करायला गेलो आणि तेव्हापासून मी गेटबाहेर पडलो की डोक्यात टोच. बायको शेजारून चालत असते तिला काही नाही, फक्त मला! मग वाचलं की अमेरिकेत सिएटलला २००६ मध्ये जॉन मार्झलफ यांच्या टीमने आदिमानवाचा मुखवटा घालून ७ कावळे पकडून सोडले, नंतर तो मुखवटा कोणीही घालून फिरलं तरी कावळे काव काव करून अंगावर यायचे, आणि जे कधी पकडलेच नव्हते तेही सामील व्हायचे. म्हणजे बदनामी पसरवतात मेले. तुमच्याकडे असं काही?

---

चेहरा वर्षानुवर्षं लक्षात राहतो आणि स्वतःच्या घरट्यातलं कोकिळेचं पोर मात्र ओळखता येत नाही, कमाल आहे. ते पिल्लू नक्की कावळ्याचंच होतं ना?

---

आमची गाय आजीशिवाय कोणालाच दूध देत नसे. आजी गेली तर चार दिवस पान्हा चोरला, वासरू लावलं, आंबोण ठेवलं, काही नाही. शेवटी आई आजीचं जुनं लुगडं नेसून बसली आणि धार लागली. सगळे रडलो. डॉक्टर म्हणाले, ओळखीचा वास नि स्पर्श मिळाला की ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा येतो, बुजली की अ‍ॅड्रेनलिन तो अडवतं. बरोबरच असणार, पण आजी गेली हे तिला कळलं होतं का याचं उत्तर त्यात कुठे आहे? मला अजून वाटतं कळलं होतं.

---

आमच्या मोत्याला बाबा यायच्या पाच मिनिटं आधी कळायचं, सगळ्या सोसायटीत कौतुक. एकदा स्कूटर गॅरेजला होती, बाबा रिक्षाने आले, मोत्या ढिम्म झोपलेला. 😄

---

मोत्यावरून बर्लिनचा हान्स घोडा आठवला, टाप आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञांनी तपासलं तर विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तेव्हा घोडा चुकायचा. बरोबर आकडा आला की समोरच्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, ते बघून हा थांबायचा. लोक म्हणतात पितळ उघडं पडलं. मला उलट वाटतं, गणित काय मलाही येतं, समोरच्याच्या न कळत हललेल्या मानेवरून मनातलं ओळखायला मला जमत नाही, लग्नाला २२ वर्षं झाली.

---

दहाव्याला आमच्या पिंडाला तासभर कावळा शिवला नाही, काका काय काय कबूल करत होते, शेवटी 'धाकटीचं शिक्षण पुरं करू' म्हणाले आणि कावळा आला. योगायोग असेल. शिक्षण मात्र झालं माझं.

---

धागाकर्ता: पिल्लू कोणाचं ते माहीत नाही हो, काळं होतं. आणि अपडेट, काल दाढी पूर्ण काढली, चष्मा बदलला, ऑफिसात दोघांनी ओळखलं नाही. गेटवर टोच पडलीच.