फुकट खोली नेमकी कुणाला?
कॅसिनोत जो जास्त हरतो त्याला हॉटेलची खोली आणि जेवण फुकट मिळतं, असं म्हणतात. पण कॅसिनो बघतो तो अपेक्षित तोटा: सरासरी पैज, तासाला होणारे डाव, खेळलेले तास आणि कॅसिनोची टक्केवारी (लावलेल्या पैशांतला सरासरी त्याच्याकडे राहणारा वाटा) यांचा गुणाकार. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैज लावायचा खेळ; चाकावर 0 आणि 00 अशी दोन शून्यं असतील तर ही टक्केवारी साधारण 5.26 असते. दर डावाला 100 लावून तासाला 40 डाव, असे 4 तास खेळलात की उलाढाल 16,000 आणि अपेक्षित तोटा सुमारे 840. त्या रात्री जिंकून उठलात तरी तुमच्या नावापुढे 840च! त्यातलाच काही भाग सवलत म्हणून परत येतो. टेबलाशी उभा असलेला सुपरवायझर तुमची पैज टिपून घेतो ती याचसाठी. मला वाईट याचं वाटतं, की त्या खोलीपायी माणसं दोन तास जास्त बसतात. म्हणजे आणखी 420.