मदत हवी आहे: निवळ पाण्यात वॉलआय मासा गळाला लागत नाही (मिल लॅक्स तलाव, मिनेसोटा)

मंडळी, नमस्कार.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा मालवणहून पहिल्यांदाच आमच्याकडे येताहेत. वय ७१. देवबागच्या बाजूला कर्ली खाडीत रात्र रात्र गरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. इथे काय काय बघायचंय म्हणून फोनवर विचारलं, तर एवढंच म्हणाले, "तुमच्या थयचो तो वॉलआय एकदा माझ्या गरीक लागाक होयो." तेव्हापासून मी तयारीला लागलोय आणि आता खरंच काळजीत पडलोय.

जूनमधले तीन शनिवार मिल लॅक्सवर घालवले. स्मॉलमाउथ बास मिळाले, पर्च तर ढिगाने. वॉलआय एकही नाही.

आधी आम्ही मिसिसिपी नदीकाठच्या रेड विंग गावी राहायचो. तिथे मिसिसिपीच्या गढूळ पाण्यात भर दुपारी पाव औंसाचा हिरवट-पिवळा जिग (शिशाचं डोकं असलेला गळ), त्याला मिनो (छोटा मासा) लावून तळाशी उचल-टाक केली की वॉलआय आणि त्याचा भाऊबंद सॉगर लागायचे. तेच इथे करतोय. दक्षिणेकडच्या खडकांवर ८ ते १४ फूट पाणी, वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन, रीलवर भडक पिवळी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. दुसऱ्या शनिवारी वारा पडला होता. बोटीतून वाकून बघितलं, तर माझाच जिग तळाशी पडलेला स्वच्छ दिसत होता. तेव्हा पहिल्यांदा लख्ख कळलं की ही नदी नव्हे.

२००५ मध्ये या तलावात झेब्रा मसल सापडले हे मला माहीत आहे. नखाएवढा तो शिंपला दिवसाला साधारण लिटरभर पाणी गाळतो, आणि इथे सव्वा लाख एकरांवर पाणी असलं तरी त्यांनी ते निवळून टाकलंय. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा थर असतो, म्हणून अंधुक उजेडात तो भक्ष्यापेक्षा सरस ठरतो, हेही वाचलंय. कारण कळलं, पण करायचं काय ते कळत नाही.

दिवसा प्रयत्न करण्यात अर्थ आहे का, की सरळ संध्याकाळीच निघावं? दिवसा गेलो तर खडक सोडून उत्तरेकडच्या चिखलपट्ट्यांवर, खोल पाण्यात जावं का? तंगूस (गळाची दोरी) किती जाडीची? आणि बाबांना तासन्‌तास जिग हलवत बसायला लावायचं नाहीये. त्यांचा सगळा जीव तंगुशीवर टेकवलेल्या बोटात असतो. त्या सवयीला जुळेल अशी काही पद्धत आहे का?

*

प्रतिसाद १ (डुलुथकर)

तुमची जागा चुकलेली नाही, वेळ चुकलीय. तेच खडक सूर्य मावळायच्या तासभर आधी गाठा आणि अंधार पडेपर्यंत हलू नका. दिवसभर खोलात पडलेले मासे त्या वेळी चरायला वर येतात. बोट खडकाच्या डोक्यावर नेऊ नका. लांब नांगर टाका आणि आमिष तिथपर्यंत फेका. निवळ पाण्यात बोटीची सावली आणि नांगराच्या साखळीचा आवाज दोन्ही महागात पडतात.

दिवसाच जायचं असेल तर वारा असलेला दिवस निवडा आणि ज्या काठावर लाटा आपटतात तिथे जा. पाण्याचा पृष्ठभाग मोडला की उजेड आत कमी शिरतो, काठचं पाणीही थोडं ढवळतं. निवांत, आरशासारख्या पाण्याच्या दुपारी घरीच बसा. लाटांच्या दिवशी मात्र छोटी बोट काठापासून लांब नेऊ नका, आणि बाबांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच.

ब्रेड राहू दे, पण तिच्या पुढे ८ फूट फ्लुरोकार्बन (पाण्यात जवळजवळ न दिसणारी तंगूस) जोडा, ६ किंवा ८ पौंड ताण सोसणारी. भडक जिग पेटीत ठेवा. साधा छोटा गळ, त्याला जिवंत जळू, आणि वर तंगुशीवर सरकणारं शिसं. जळू चोषकाच्या टोकाला टोचा म्हणजे ती पोहत राहते.

बाबांसाठी हीच पद्धत. रीलचा बेल (तंगूस अडवणारी तारेची कडी) उघडा ठेवायचा आणि तंगूस बोटावर धरायची. ओढ जाणवली की झटका द्यायचा नाही, तंगूस सोडायची. सरकत्या शिशामुळे माशाला वजन लागत नाही. पाच-सहा सेकंदांनी ढील आवळून हलकेच उचलायचं. तांबोशी गरवणाऱ्याला हे शिकवावं लागणार नाही.

*

प्रतिसाद २ (काठावरची)

दादा, दोन गोष्टी आधीच बघून ठेवा. मिल लॅक्सचे वॉलआयचे नियम राज्याच्या इतर तलावांपेक्षा वेगळे असतात आणि दरवर्षी बदलतात. काही वर्षी उन्हाळ्यात पकडून सोडायचंच होतं, काही वर्षी जुलैत काही दिवस पूर्ण बंद, तर काही वर्षी रात्री दहा ते सकाळी सहा बंद. बाबांची तारीख त्यात अडकत असेल तर दुसरा तलाव आत्ताच ठरवा. त्यांनाही परवाना लागेल, पाहुण्यांसाठी एक दिवसाचा आणि तीन दिवसांचा मिळतो.

दुसरं म्हणजे खोल पाण्याचा मोह टाळा. ३० फुटांखालून वर ओढलेल्या वॉलआयची वायुपिशवी फुगते, तो सोडला तरी बऱ्याचदा जगत नाही. त्यात जुलैचं कोमट पाणी. सोडायचाच असेल तर उथळ पाण्यातून पकडलेला बरा. गळ गिळला असेल तर उपटू नका, तंगूस कापा. फोटो काढायचा तर माशाला पाण्याबाहेर काही सेकंदच ठेवा.

*

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी साडेसातला एकटाच गेलो. नांगर लांब, आठ फूट फ्लुरोकार्बन, जळू. पावणेनऊला बोटावरची तंगूस अगदी हळू सरकायला लागली. पाच मोजले आणि उचललं. १७ इंचांचा होता. शेपटीच्या खालच्या टोकाचा पांढरा ठिपका, म्हणजे वॉलआयची खूण, टॉर्चच्या उजेडात बघितला, पाण्यातच गळ काढला आणि सोडून दिला.

रात्री बाबांना फोन केला. जागा आणि वेळ सांगताच म्हणाले, "निवळ पाण्यात मासो आधी तुका बघता, मगे तू तेका. म्हणान तर आमी काळोखात जातव." तीन शनिवार घालवण्याआधी त्यांनाच विचारायला हवं होतं.

यंदाचे नियम वाचतोय. आता एकच शंका उरलीय. आम्हाला दोन संध्याकाळी लागोपाठ जायचंय. उरलेल्या जळवा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत कशा ठेवायच्या? तलावाचं पाणी सोबत आणता येत नाही, काठावरच ओतून द्यावं लागतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने त्या मरतील का?