वॉर्ड सोडून शाळेत गेलेल्या सिस्टर, या, सांगा

दवाखाना सोडून शाळेत लागलेल्या बऱ्याच जणी ओळखीत निघाल्या, म्हणून हा धागा. सुरुवात मीच करते. नऊ वर्षं मेडिसिन वॉर्ड केला, आता छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका निवासी शाळेत आहे. पहिल्या दिवशी सिकरूमचं कपाट उघडलं तर आत एक थर्मामीटर, मुदत संपलेलं खोकल्याचं औषध आणि गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे मुकुट. ग्लुकोमीटर मी घरून नेला. पगार कमी झाला, नाइट संपल्या. सासूबाईंना अजून वाटतं मी नुसती बसून येते.

लातूर
मी आयसीयूतली. तिथं मॉनिटर वाजला की पळायचं, शाळेत काहीच वाजत नाही. सहावीत टाइप वन डायबेटिसचा एक मुलगा आहे. पीटीचे सर म्हणाले, आज लई उलट बोलायलाय, उन्हात उभा केलाय. जाऊन बघते तर शर्ट घामानं चिंब, बोटं थरथरतायत. शुगर ५२, एकदम खाली गेलेली. गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी ८८. मग डब्यातली पोळी खायला लावली. सर तोवर शेजारी उभे, सारखे घड्याळ बघत. आता त्यांच्याच खिशात ग्लुकोजची पुडी असते. असल्या रीडिंगला आयसीयूत माझा हात कधी कापला नव्हता. त्या दिवशी त्याच्या आईला फोन लावताना कापला, मागं वळून विचारायला डॉक्टर नव्हते ना.

परभणी
उन्हाळा लागला की रोज कुणाचा तरी घोळणा फुटतो. शिपाईमामा कांदा फोडून हजर, पोराची मान मागं. मान पुढं घ्यायची आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा, एवढं पटवायला मला एक अख्खं वर्ष लागलं. कांदा मामांनी सोडला नाही, तो आता ते भाकरीबरोबर खातात.

बीडकडून
आमच्याकडं दिवाळीच्या आगेमागे आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं वसतिगृहात राहतात. दिवेलागणीला माझ्या दारात रांग. "सिस्टर, लई पोट दुखायलंय." पोट बघावं तर मऊ, ताप नाही, जुलाब नाहीत. आधी चिडायचे मी. वॉर्डात खरं दुखणं बघून आलेलो आपण, ढोंग लगेच कळतं! चौथीतली एक जण तर रोजची. यायची, कॉटवर पडायची, मी रजिस्टर लिहायला लागले की टकामका बघत राहायची. एकदा विचारलं, गोळी देऊ का गं? म्हणाली, "नगं. तुमी लिवा." आता तिला गॉजच्या घड्या घालायला देते. रजिस्टरात लिहिते: पोटदुखी, विश्रांती.

नांदेड
१० फेब्रुवारी, जंतनाशक दिन. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी, समोर चावून खायची. एकीला उलटी झाली, तिचं बघून सात जणींना. अर्ध्या तासात निम्मं गाव गेटवर. पोरी तोवर सावलीत बसून हसत होत्या, मीच तेवढी रडवेली.

अंबाजोगाई
मी शाळेची नव्हे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातली. लिहिलं तर चालेल ना? गाडीत डॉक्टर, फार्मासिस्ट आणि मी. अंगणवाडी वर्षातून दोनदा, शाळा एकदा. आठवीतल्या एका मुलाच्या हृदयात डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आला, पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली. पुढच्या वर्षी गेलो तर तीच चिठ्ठी दप्तरात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून. बीडच्या ताई, तुमची पोरगी रोज येते तरी.

जालना
सोडावं का, ठरत नाहीये. माझे गुडघे आणि माझा मुलगा, दोघं म्हणतात सोड.

धागा काढणारी
अंबाजोगाईच्या ताई, चालेलच की, वेगळं विचारायची गरज नाही. जालनेकर, सोडायचं ठरलंच तर जॉइन होण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: कोणती औषधं तुम्ही स्वतःच्या अखत्यारीत द्यायची, आणि गाडी लागली तर कुणाची. शिवाय उन्हाळी सुट्टीचा पगार मिळतो का तेही विचारा. मी नव्हतं विचारलं.