काळ्या मातीच्या दोन अहवालांत दोन वेगळे वर्ग, आणि बांधकामासाठी कोणता दगड घ्यावा?

भुईमाप (प्रश्न)

नमस्कार. तुळजापूर तालुक्यातील एका गावात एकमजली सभागृहाचे काम आमच्याकडे आहे. जागेवर वरची सुमारे १.८ मीटर काळी माती आहे, तिच्याखाली पिवळसर मुरूम लागतो आणि त्याखाली कातळ. एकाच खड्ड्यातून, एक मीटर खोलीवरून काढलेली माती आम्ही दोन प्रयोगशाळांकडे पाठवली. पहिलीने लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते तेव्हाचा ओलाव्याचा टक्का) ५८ व प्लॅस्टिक लिमिट (माती वळताना तुटू लागते तेव्हाचा ओलाव्याचा टक्का) २७ देऊन मातीचा वर्ग सीएच, म्हणजे अधिक सुघट्यतेची चिकणमाती, असा ठरवला. दुसरीने हेच आकडे ५४ व ३१ असे देऊन वर्ग एमएच, म्हणजे गाळमाती, असा लिहिला. पहिल्या अहवालात फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे माती पाण्यात किती फुगते याचे माप, ७३ टक्के आहे. दुसऱ्यात ही चाचणीच केलेली नाही. यांपैकी कोणता अहवाल धरून पाया आखावा?

दुसरा प्रश्न दगडाचा आहे. दूरच्या खाणीतील काळ्या घट्ट दगडाची दाबशक्ती ११८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर व पाणीशोषण ०.६ टक्के आहे. गावालगतच्या खाणीतील राखाडी, पांढरे ठिपके असलेल्या दगडाची दाबशक्ती ६२ व पाणीशोषण ३.४ टक्के आहे. जवळचा दगड वाहतुकीत बराच स्वस्त पडतो, पण आकडे पाहून विश्वस्त बिचकले आहेत. त्यांच्यापैकी एकांनी रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहिलेला असल्याने त्यांचा आग्रह जांभ्याचा आहे. आकड्यांच्या या तुलनेवरून जवळचा दगड नाकारणे योग्य ठरेल का?

सीमारेषा

आपण चारही आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण नुसते ‘सीएच’ आणि ‘एमएच’ लिहिले असते तर कोणालाच काही सांगता आले नसते. आयएस १४९८ या भारतीय मानकात बारीक कणांच्या मातीचा वर्ग ठरवताना लिक्विड लिमिटमधून २० वजा करून उरलेल्या आकड्याला ०.७३ ने गुणतात; आलेखावरची सीमारेषा ती हीच. प्लॅस्टिसिटी इंडेक्स (लिक्विड लिमिट वजा प्लॅस्टिक लिमिट) त्याहून जास्त असेल तर चिकणमाती, कमी असेल तर गाळमाती. पहिल्या अहवालात इंडेक्स ३१ आहे आणि रेषा २७.७ वर येते, म्हणून सीएच. दुसऱ्यात इंडेक्स २३ आहे आणि रेषा २४.८ वर, म्हणून एमएच. दोन्ही प्रयोगशाळांचे गणित बरोबर आहे. मात्र दुसऱ्या अहवालातील ५४ तसेच ठेवून प्लॅस्टिक लिमिट २७ धरली, तर माती पुन्हा सीएच ठरते. आणि पहिल्यातील ५८ ठेवून प्लॅस्टिक लिमिट ३१ धरली, तर ती किंचित फरकाने एमएच होते. म्हणजे सगळा वाद प्लॅस्टिक लिमिटच्या चार टक्क्यांचा आहे, आणि दोन्ही चाचण्यांत हीच सर्वांत अधिक हाताच्या सवयीवर अवलंबून असते.

मातीची वळी काचेवर वळत वळत ३ मिलिमीटर जाडीची करायची आणि ती नेमक्या त्याच जाडीला तुटू लागेल तेव्हाचा ओलावा मोजायचा, एवढीच ती चाचणी आहे. चिवट काळी माती वळताना बोटांचा दाब वाढला की वळी अजून ओली असतानाच चिरते, आणि ओलावा जास्त नोंदला जाऊन प्लॅस्टिक लिमिट वर जाते. आपल्या दुसऱ्या अहवालात असेच घडले असावे, असा माझा कयास आहे. लिक्विड लिमिटमधील फरकाची कारणे वेगळी असतात. माती हवेवर न सुकवता ओव्हनमध्ये तापवली असेल, तर आकडा खाली येऊ शकतो. पाणी मिसळून पुरेसा वेळ मुरू दिले नसेल, तरीही तो बदलतो. भारी मातीला त्यासाठी पूर्ण दिवस द्यावा लागतो. लिक्विड लिमिट मोजण्याच्या कॅसाग्रांडे उपकरणाची वाटी १० मिलिमीटरवरूनच पडते आहे की झिजून ती उंची बदलली आहे, हेही विचारून घ्यावे.

बिंदू रेषेच्या इतका जवळ असेल तेव्हा सीएच-एमएच असा जोडवर्ग लिहिण्याची सोय मानकातच आहे, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेने तसे लिहिले असते तर हा गोंधळ उद्भवलाच नसता. पायाच्या दृष्टीने मात्र माझे मत स्पष्ट आहे: बसाल्टच्या विघटनातून तयार झालेल्या आपल्याकडच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे पाण्याने फुगणारे खनिज असते, आणि ते असलेल्या माती आलेखात सहसा रेषेच्या वरच पडतात. त्यामुळे अहवालात ‘गाळमाती’ लिहिले म्हणून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. फुगवट्याची थेट साक्ष फ्री स्वेल चाचणी देते. ४२५ मायक्रॉन चाळणीतून गाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घेतात, एकीत पाणी व दुसरीत रॉकेल भरून २४ तास ठेवतात आणि खाली बसलेल्या मातीचे आकारमान मोजतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून त्यातले आकारमान आधार धरून फरकाची टक्केवारी काढतात. उत्तर ५० च्या पुढे गेले की फुगणारी माती समजूनच पाया आखावा. आपले ७३ आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेकडूनही एवढी एक चाचणी करून घ्या. ती स्वस्त आहे.

प्रयोगशाळेवाचूनही एक पडताळा घेता येईल. ओल्या मातीची चकती तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने हलके ठोके द्या. गाळमातीच्या चकतीवर पाणी येऊन ती चकाकते आणि दाबली की ती चमक मावळते. चिकणमातीवर यातले काही होत नाही. तीच चकती सुकल्यावर बोटांनी फोडून पाहा. काळी माती सहजासहजी फुटणार नाही.

डबर खांडकी

दगडाविषयी लिहितो. एकमजली इमारतीच्या दगडी भिंतीवर प्रत्यक्ष किती दाब येतो, हे आधी पाहावे. चार मीटर उंचीच्या भिंतीचे स्वतःचे वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरले, तर तळाशी ०.१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढाच दाब येतो. छताचा भार धरूनही तो ६२ च्या आसपास कोठेच फिरकत नाही. म्हणून ११८ आणि ६२ या आकड्यांची स्पर्धा येथे निरर्थक आहे. भिंतीची ताकद मसाला आणि दगडांची सांधेमोड (एका थराचा सांधा खालच्या सांध्यावर न येऊ देणे) ठरवते.

माझी खरी हरकत पाणीशोषणाच्या ३.४ टक्क्यांना आहे, कारण त्यावरून हा दगड पोकळ्यांचा बसाल्ट दिसतो. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्या झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी भरल्या. पांढरे ठिपके ते हेच. (पुणे आणि जळगाव भागातील अशा पोकळ्यांतून निघालेले झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.) पांढऱ्या ठिपक्यांचे मला तितके भय वाटत नाही. ठिपके हिरवट, साबणासारखे गुळगुळीत आणि नखाने खरवडले जाणारे असतील, तर ती मातीच्या जातीची खनिजे असतात. ती पाण्याने फुगतात आणि उन्हापावसात दगडाच्या कपच्या सुटू लागतात. खाणीत दोन थरांच्या मधला तांबडा, गेरूसारखा पट्टाही दिसेल. त्याला लागून निघालेला माल घेऊच नये.

आपण दिलेली दाबशक्ती कोरड्या दगडाची आहे की भिजवलेल्या, हे लिहिलेले नाही. आयएस ११२१ प्रमाणे दोन्ही अवस्थांतील चाचणी होते, आणि भिजवण्यासाठी नमुने तीन दिवस पाण्यात ठेवतात. दोन दगडांची तुलना करायची तर ती भिजलेल्या आकड्यांवरच करावी. शिवाय ५० मिलिमीटरच्या ठोकळ्यात १५ मिलिमीटरची एकच पोकळी आली तरी निकाल बराच बदलतो, म्हणून पोकळ्यांच्या दगडाचे ठोकळे मोठे आणि संख्येने अधिक घ्यावेत व सरासरीबरोबर सर्वांत कमी आकडाही मागून घ्यावा.

आणखी एक गोष्ट या गावाच्या बाबतीत मी कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाची मानतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील घरे पडली ती दगड कच्चा होता म्हणून नव्हे. त्या भिंतींचा दगड चांगला काळा होता. पण भिंती जाड होत्या, मातीत रचलेल्या होत्या, आतली व बाहेरची बाजू एकमेकींना बांधलेली नव्हती, आणि वर माळवदाचे, म्हणजे मातीच्या जाड छताचे, ओझे होते. हादऱ्यात दोन्ही बाजू एकमेकींपासून सुटल्या. आयएस १३८२८ नुसार अशा भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरच्या वर नेऊ नये आणि भिंतीच्या पूर्ण जाडीचे आरपार दगड उभ्या दिशेत ६०० मिलिमीटरला व आडव्या दिशेत १.२ मीटरला बसवावेत. खाण निवडताना एवढ्या लांबीचे धड तुकडे कोठे निघतात, हे पाथरवटाला जरूर विचारा.

चिरेखाण

जांभ्याबद्दल रत्नागिरीहून लिहीत आहे. आयएस ३६२० मध्ये चिऱ्याला, म्हणजे जांभ्याच्या कापीव ठोकळ्याला, किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाबशक्ती आणि जास्तीत जास्त १२ टक्के पाणीशोषण मान्य आहे. बसाल्टशेजारी हे आकडे फिके दिसतात, तरी कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या घरे याच चिऱ्याची आहेत, कारण तो एकसारख्या मापात कापता येतो आणि हवेवर कठीण होत जातो. माझे या दगडावर प्रेम आहे. तरीही तुळजापूरला तो नेऊ नये असेच मी सांगेन. एवढी वाहतूक करून जो माल पोहोचेल त्यात खाणीच्या खालच्या थरातला, फिक्या मातीच्या गाठी असलेला चिरा मिसळलेला असेल, तर तो जागेवर ओळखणारे हात तेथे नसतील. आणि काळ्या मातीला टेकलेल्या ओल्या जोत्यात तोच आधी झिजेल.

भुईमाप

सर्वांचा आभारी आहे. दगडाचा अहवाल पुन्हा तपासला. दिलेले दोन्ही आकडे कोरड्या अवस्थेतीलच होते. भिजवून घेतल्यावर काळ्या दगडाचा आकडा १११ आला, जवळच्या दगडाचा ४१. जवळच्या खाणीत हिरवट ठिपके वरच्या थरात दिसले, खाली मात्र फक्त पांढरे आहेत. मुरूम १.८ मीटरवर लागत असल्याने पाया थेट मुरमावर नेला तर काळ्या मातीचा प्रश्न संपतो, असे समजावे का?

सीमारेषा

पाया मुरमात न्यावा हे योग्यच. एवढ्या खोलीसाठी अंडर-रीम्ड पाइलचा (तळाशी रुंद केलेल्या, जमिनीत ओतलेल्या खांबांचा) खर्च मी करणार नाही. काळी माती साडेतीन-चार मीटर असती तर वेगळा विचार केला असता. प्रश्न मात्र तेवढ्याने संपत नाही, कारण फरशी आणि जोत्याच्या बाजू अजून काळ्या मातीतच आहेत. चर भरताना उकरलेली काळी माती परत टाकू नका, मुरूम कुटून भरा. फरशीखाली वाळूची गादी घालण्याची पद्धत आहे, पण वाळूत पाणी साठते आणि तेच खालच्या मातीला मिळते. आयआयटी मुंबईचे डॉ. कट्टी यांनी त्याऐवजी न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे एक मीटरचा थर सुचवला आणि कालव्यांच्या कामांत तो वापरला गेला. आपल्याकडचा चांगला तांबडा मुरूम पुष्कळदा या कामी येतो. त्याचीही लिक्विड लिमिट आणि फ्री स्वेल तपासून घ्या. भिंतीभोवती बाहेर उतार असलेला पक्का पट्टा ठेवा आणि छताचे पाणी त्याच्या पलीकडे सोडा.

डबर खांडकी

६२ वरून ४१ म्हणजे भिजल्यावर एक तृतीयांश ताकद गेली. काळ्या दगडाची सहा टक्केच गेली आहे. तरीही जवळचा दगड मी पूर्ण नाकारणार नाही. जमिनीखालचे डबर आणि जोते काळ्या घट्ट दगडाचे करा, कारण ओल तेथेच राहणार आहे. जोत्यावरच्या भिंतीला, छज्जा पुरेसा बाहेर असेल तर, जवळच्या खाणीच्या खालच्या थरातला दगड सिमेंटच्या मसाल्यात चालेल. आरपार दगड मात्र सगळीकडे काळेच घ्या, आणि गाडी उतरवून घेण्यापूर्वी हिरव्या ठिपक्यांचे दगड बाजूला काढायला एक माणूस नेमा.