‘चाके मोजणाऱ्यांनी आनंद मारला’ : कारेलीबागकर यांना उत्तर

दांडियाबाजारकर

आपल्या राइडप्रेमी मंडळात काल कारेलीबागकर यांनी लिहिले की, जुन्या सभासदांनी एका साध्या मौजेची परीक्षा करून टाकली आहे. राइडवर बसावे, मनसोक्त ओरडावे, उतरून कणीस खावे आणि घरी जावे, एवढ्यासाठी चाकांची आणि कंपन्यांची माहिती असण्याची काहीच गरज नाही, आणि पन्नाशी उलटल्यावरही रोलर कोस्टरसाठी देशभर हिंडणाऱ्यांचे मोठे होणे राहून गेले आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. शेवटचे वाक्य मी सोडून दिले असते. परंतु माहितीने आनंद मरतो हा त्यांचा दावा मला साफ अमान्य आहे.

आमच्या पिढीची सुरुवात कमाटी बागेतल्या छोट्या आगगाडीपासून झाली. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, तेव्हा वडोदऱ्याहून रात्रीच्या गाडीने बोरिवलीला उतरून, खाडी बोटीने ओलांडून तेथे पोहोचणे हीच आम्हां मुलांना मोठी मोहीम वाटत असे. त्या वेळी कोस्टर चढावर जाताना जी कटकट ऐकू यायची, ती साखळीची असते असे मला कितीतरी वर्षे वाटत होते. ती साखळीची नसते. डब्याखाली एक खिट्टी असते, ती चढावरच्या दात्यांवरून एकेक करून घसरत जाते, आणि साखळी तुटलीच तर गाडी मागे न जाता त्याच दात्यात अडकते. हे कळल्यापासून तो आवाज मी अधिक लक्ष देऊन ऐकतो आणि पोटात गोळा पूर्वीइतकाच येतो.

चाकांचेही तसेच आहे. रुळाच्या वर एक चाक, बाजूला एक आणि खाली एक. रुळाखालच्या चाकाची युक्ती अमेरिकेतले कोस्टर बांधणारे जॉन मिलर यांनी १९१९ च्या सुमारास पेटंट केली, आणि त्यानंतरच उताराच्या माथ्यावर माणूस आसनावरून उचलला जाईल असे तीव्र उतार बांधणे शक्य झाले, कारण डबा रुळावरून सुटण्याचे भय उरले नाही. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचा कोस्टर होता. त्याचे रुळाचे उभे वेटोळे अगदी गोल असल्यामुळे बसणाऱ्यांच्या मानेला भयंकर हिसका बसत असे. आजचे वेटोळे वर अरुंद आणि खाली पसरट, थेंबाच्या आकाराचे असते. १९७६ साली कॅलिफोर्नियात जर्मन अभियंते व्हेर्नर श्टेंगेल यांच्या गणिताने तसे वेटोळे उभे राहिले आणि तेथून उलटे फिरवणाऱ्या राइड्सचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. खोपोलीच्या इमॅजिका पार्कातल्या नायट्रो कोस्टरवर पाच वेळा उलटे होताना मान शाबूत राहते, ती या आकारामुळे. असे ज्ञान आनंदाच्या आड येते असे म्हणणारा माणूस गाण्यातला राग ओळखणाऱ्यालाही दोष देईल.

राहिला मोठे होण्याचा प्रश्न. दिल्लीचे अप्पू घर हे राइड्सचे पार्क १९८४ साली सुरू झाले आणि २००८ साली बंद पडले. आज त्याची जागा दाखवणारे लोक आहेत, पण तेथली कोणती राइड कशी होती हे सांगणारे थोडेच उरले आहेत. जुने सभासद नसतील तर ही आठवण कोण सांभाळणार?

कारेलीबागकर

काका, आपण चाकांवर उत्तम लिहिले, परंतु माझ्या मुख्य तक्रारीला आपण हातच लावला नाहीत. मी माझ्या मुलीला घेऊन मंडळाच्या सहलीत खोपोलीला आले होते. नायट्रोच्या रांगेत ती घाबरली होती आणि खुशही होती. फलाटावर आसनांखालची जमीन खाली सरकते आणि पाय हवेत लोंबकळू लागतात, ते पाहून तिने माझा हात घट्ट धरला होता. नेमक्या त्याच क्षणी मागच्या एका ज्येष्ठ सभासदांनी तिला ऐकवले की, “हे काहीच नाही, तू अजून खरा कोस्टर पाहिलेलाच नाहीस, कोलकात्याच्या निक्को पार्कचा लाकडी सायक्लोन आधी बघ, मग बोल.” सोळा वर्षांच्या मुलीचा चेहरा पडलेला मी पाहिला आहे. तो पडू देणाऱ्याला सायक्लोन २००३ चा आहे हे माहीत असून कोणता उपयोग झाला?

मला स्वतःला पार्कपेक्षा मेळा प्रिय आहे, हेही आता स्पष्टच लिहिते. श्रावणात पोलो ग्राउंडच्या बाजूने येताना दूरवरून चकडोळाचे, म्हणजे मेळ्यातल्या आकाशपाळण्याचे, दिवे दिसायचे तेव्हा आमच्या घरात कोणी अभ्यासाला बसत नसे. तेथे कोणी तुमची परीक्षा घेत नाही. आणि राजकोटच्या आगीनंतर सरकारने राइड्सचे नवे नियम आणले, तेव्हा याच मंडळातील जुन्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हे मी विसरलेले नाही. त्या वर्षी आमच्या भागात पाळणा आलाच नाही. ज्यांना चार माणसांच्या पार्कच्या तिकिटाचे पैसे परवडत नाहीत, त्यांच्या मुलांची मौज आपल्या माहितीने काढून घेतली.

मांजलपूरची ताई

कारेलीबागकर ताई, मुलीला बोलले ते गैरच होते. परंतु ‘मौज काढून घेतली’ हे शब्द वाचून मला राहवत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरात, हरणीच्या तलावात, सहलीला गेलेली बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, हे सर्वांनी वाचले आहे. चार महिन्यांनी, २५ मे रोजी, राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ जण जळाले. या दोन्ही घटनांनंतर नियमांना विरोध कसा करता येतो, हेच मला समजत नाही.

मेळ्याची माझी आठवण वेगळी आहे. एका मेळ्यात मुलाला घेऊन मी आकाशपाळण्यात बसले. पाळण्याच्या दाराच्या आडव्या दांडीला जी पिन हवी, तिच्या जागी तारेचा तुकडा पिळून बसवला होता. पाळणा वर गेल्यावर ते माझ्या लक्षात आले. खाली येईपर्यंत मी मुलाच्या कमरेभोवती दोन्ही हात घालून बसले होते आणि ते पोर खालचे दिवे पाहून हसत होते. दांडियाबाजारकर काकांसारखा माणूस बरोबर असता तर त्याने ती तार खालीच पाहिली असती. म्हणून मला ही जुनी, चाके मोजणारी माणसे हवी आहेत.

कलाभवन ८७

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. राजकोटला राइड मोडली नव्हती, आग लागली होती. तात्पुरत्या बांधकामात वेल्डिंगचे काम चालू होते, ज्वलनशील सामान साठवलेले होते आणि अग्निशमनाचा परवाना नव्हता. त्याची किंमत पाळणेवाल्याने का मोजावी, हा प्रश्न रास्त आहे. उलट १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरियाला झोका घेणारी मोठी राइड मोडून पडली, दोघांचा मृत्यू झाला आणि कित्येक जखमी झाले. ती मेळ्यातली नव्हे, कायम बसवलेली राइड होती. तेव्हा ‘पार्क म्हणजे सुरक्षित आणि मेळा म्हणजे धोका’ ही समजूत दोन्ही बाजूंनी टाकून द्यावी.

यंत्र म्हणून पाहाल तर झोक्याच्या राइडमध्ये दर फेरीला दांड्यावरचा ताण उलटसुलट होतो. असा ताण वर्षानुवर्षे होत राहिला की वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर पडते. ती डोळ्याला दिसत नाही आणि वरून रंग दिला की मुळीच दिसत नाही. ती शोधायला अल्ट्रासाउंड किंवा चुंबकीय कणांची तपासणी करावी लागते. ही तपासणी नियमाने सक्तीची करावी, त्याबद्दल दुमत असू नये. परंतु चार-पाच दिवसांच्या मेळ्यासाठी काँक्रीटचा पाया घाला, या अटीचा हिशेब वेगळा आहे. २०२४ च्या जन्माष्टमीला राजकोटच्या लोकमेळ्यावरून जो वाद पेटला तो याच पायावरून. जमिनीची भारक्षमता मोजून, रुंद लोखंडी बैठकीवर भार पसरवूनही पाळणा स्थिर उभा करता येतो. दर वर्षी, दर मैदानावर, त्या त्या मातीत ते सिद्ध करून दाखवावे लागेल, एवढेच.

वाघोडिया रोडवरून

सर्व जण राइड्सवर बोलत आहेत, परंतु राइड्स उरल्या आहेत कुठे? नवे पार्क निघाले की त्यात घसरगुंड्या, लाटांचा तलाव आणि कर्कश गाण्यांवरचा रेन डान्स, एवढेच असते. कोस्टर उभारायला आणि चालवायला खर्च आहे, म्हणून मालक पाण्याकडे वळले. वर घरचा डबा दारावर काढून घेतात. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्या दोन पोळ्यांसाठी मी दारावरच्या माणसाशी तासभर हुज्जत घातली. जुन्या सभासदांनी खिट्ट्यांऐवजी यावर आवाज उठवावा.

चकडोळवाल्यांचा शेजारी

डब्याचे नंतर पाहू. कलाभवन साहेबांनी पाळणेवाल्याचे नाव काढले, म्हणून लिहितो. माझ्या घरामागच्या पडीक जागेत पाळणा चालवणारी दोन कुटुंबे पावसाळ्यापूर्वी मुक्काम करतात. पाळणा जुळवताना त्यांना मी जवळून पाहिले आहे. बापाच्या हातात पाना असतो, मुलगा एकेक बोल्ट रॉकेलने पुसून त्याच्याकडे देतो. बाप आटे बोटाने चाचपतो आणि ज्याच्या आट्यांत खडबड लागेल तो बोल्ट पत्र्याच्या वेगळ्या डब्यात टाकतो. त्याला ताणाचे शास्त्र कोणी शिकवलेले नाही. पाळणा बांधला की पहिली फेरी त्याच्याच घरची मुले घेतात.

ताईंनी तार पाहिली, त्या खोटे बोलत नाहीत. परंतु एका तारेवरून सगळ्या पाळणेवाल्यांना निष्काळजी ठरवू नका. त्यांच्याकडे वकील नाही, सल्लागार नाही, आणि नियम आला तेव्हा तो कोणत्या खिडकीवर पाळायचा हेही कोणी सांगितले नाही. एका श्रावणाचा धंदा बुडाला की त्यांचे वर्ष बुडते. तुमच्या मंडळातले किती लोक कधी त्यांच्याशी दोन शब्द बोलले आहेत? तुम्ही परदेशातल्या कोस्टरची उंची सांगता आणि मैदानावरच्या माणसाचे नावही विचारत नाही.

दांडियाबाजारकर

शेजारीभाऊ, हा आरोप मी ऐकून घेणार नाही. मेळ्यातल्या मोटारसायकलच्या विहिरीपासून पाळण्यापर्यंत सर्व मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी नव्हतो. मी एवढेच लिहिले होते की तपासणी हवी, आणि ते आजही लिहीन. बापाचे बोट आटे ओळखते, याचा मला आदर आहे. परंतु रंगाखालची चीर बोटाला लागत नाही, हे कलाभवन यांनी आताच सांगितले. स्वतःची मुले पहिल्या फेरीत बसवणे हा त्या माणसाचा प्रामाणिकपणा झाला, त्याने पोलादाची परीक्षा होत नाही.

रेन डान्सबद्दल वाघोडियावाल्यांशी मी सहमत आहे. डब्याचा विषय येथे नको.

कारेलीबागकर यांच्या मुलीबद्दल : ज्यांनी तसे म्हटले त्यांनी तिला दुखावले, आणि ते मंडळाला शोभणारे नाही. तरीही मी विचारतो की, एका उद्धट माणसामुळे आमचे सगळे पाहणे निरुपयोगी कसे ठरते? न्यू जर्सीचा किंग्डा का हा १३९ मीटर उंचीचा कोस्टर २०२५ च्या फेब्रुवारीत स्फोटके लावून पाडला, तेव्हा तो कधीही न पाहिलेल्या आमच्यातल्या कित्येकांना हळहळ वाटली. ही हळहळ पोरकट आहे असे कोणाला वाटत असेल तर वाटो. यंत्रावर इतका जीव असलेला माणूसच तारेचा तुकडा पाहून फेरी थांबवायला लावतो. ओरडून घरी जाणारा तो पाहत नाही.

कारेलीबागकर

‘ओरडून घरी जाणारा पाहत नाही’ हे वाक्य मागे घ्यावे. मांजलपूरच्या ताई मंडळाच्या जुन्या सभासद नाहीत, आणि तार त्यांनीच पाहिली. आईला ते दिसायला पेटंटची साले लागली नाहीत.

खिट्टी आणि चीर यांची माहिती कामाची आहे, एवढे मी मान्य करते, आणि तेही नाइलाजाने. परंतु ती रांगेत उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावर आपटण्यासाठी नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी मेळा भरण्यापूर्वी मैदानावर जावे आणि पाळणेवाल्याबरोबर उभे राहून दारांच्या पिना पाहाव्यात. तसे होणार असेल तर माझी मुलगीही येईल. ती आता यंत्र अभियांत्रिकीला जाते आहे, हे काकांना सांगायचे नव्हते.

कलाभवन ८७

सभासदांनी पिना पाहणे चांगले, परंतु त्याने तपासणीची जबाबदारी तपासनीसाच्या अंगावरून उतरत नाही, हे आधीच ठरवून घ्या. उद्या काही झाले तर ‘मंडळाने पाहिले होते’ असे कोणी म्हणू नये. माझी मागणी याहून साधी आहे. तपासणी कोणत्या तारखेला झाली, कोणी केली आणि एका वेळी किती माणसे बसवायची, हे प्रत्येक राइडच्या प्रवेशापाशी मोठ्या अक्षरांत लावलेले असावे, पार्कमध्येही आणि मेळ्यातही. हरणीला नेमकी तिसरी गोष्ट पाळली गेली नाही.

मांजलपूरची ताई

ते गुजरातीत लावा, आणि माझ्या मुलाला वाचता येईल इतक्या खाली लावा.

चकडोळवाल्यांचा शेजारी

फलक लावायला माझ्या शेजाऱ्यांची हरकत नसेल, हे मी त्यांना न विचारता लिहितो आहे, म्हणून उद्या विचारून पक्के सांगतो. परंतु तपासनीस मेळ्याच्या आदल्या संध्याकाळी येतो, तेव्हा पाळणा पूर्ण बांधून झालेला असतो आणि एक बोल्ट नाकारला तरी सगळा सांगाडा उतरवावा लागतो. त्याने जोडणी चालू असताना यावे, सांगाडा अर्धा उभा असताना. दांडियाबाजारकर काकांना खरोखरच पाहायचे असेल तर त्यांनीही त्याच दिवशी सकाळी यावे. चहा आमच्याकडे.